तापलेली, भरलेली आणि उभी : सीमाभागातील उन्हाळ्यात विजेच्या मोटारीची बॅटरी कशी जपावी

बेळगावला जुनी माणसे ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणतात, आणि एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटला की ते पटतेही. तरीही विजेची मोटार घ्यायला निघालेला माणूस रेंज विचारून झाली की लगेच दुसरा प्रश्न हाच विचारतो, की आपल्याकडच्या उन्हात ही बॅटरी किती वर्षे टिकेल. उत्तरादाखल त्याला बहुधा वॉरंटीचा आकडा ऐकवला जातो : आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर. आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. बॅटरीची क्षमता मूळच्या साधारण ७० टक्क्यांखाली गेली तरच बहुतेक वॉरंट्या लागू होतात. म्हणजे आठव्या वर्षी ७२ टक्क्यांवर आलेली बॅटरी कागदोपत्री ठणठणीत ठरते. मात्र नवी असताना प्रत्यक्षात दोनशे किलोमीटर जाणारी तीच गाडी आता १४४ किलोमीटर जाते, आणि निपाणीहून बेळगावला येऊन कचेरीचे काम आटोपून त्याच चार्जवर घरी परतण्याचा जो शिरस्ता होता तो मोडतो. आठव्या वर्षी आपली बॅटरी ७२ वर असेल की ८८ वर, यातला बराचसा भाग मालकाच्या सवयींवर ठरतो. त्या सवयी कोणत्या, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. एकटे ऊन बॅटरीचे फारसे वाकडे करत नाही, एकटी पूर्ण चार्जिंगही करत नाही. बॅटरी तापलेली आहे, काठोकाठ भरलेली आहे आणि गाडी तासन्‌तास तशीच उभी आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की झीज वेगाने होते. तिन्हींपैकी एक जरी टाळली तरी बरेच साधते, आणि आपल्या भागात निदान एक टाळणे रोज शक्य असते.

आत नेमके काय झिजते

लिथियम-आयन बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइटचा थर असतो. चार्जिंग होताना लिथियमचे आयन त्यात जाऊन बसतात आणि गाडी चालताना बाहेर पडतात. या ग्राफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगपासून एक पातळ पापुद्रा तयार होतो. दुधावर साय धरावी तसा हा प्रकार आहे. साय दुधाला झाकते खरी, पण ती त्या दुधातूनच आलेली असते. साय जितकी जाड, तितके खालचे दूध निसत्त्व. तसाच हा पापुद्रा आवश्यकही असतो, कारण तो नसेल तर आतील द्रावण सतत विघटित होत राहील; मात्र तो वाढतो तो बॅटरीतले लिथियम खाऊन. जे लिथियम त्यात अडकले ते पुन्हा कामाला येत नाही, आणि त्यालाच आपण क्षमता घटली असे म्हणतो.

पापुद्रा जसजसा जाड होतो तसतशी त्याची पुढची वाढ मंदावते. म्हणूनच पहिल्या वर्ष-दीड वर्षात तीन-चार टक्के घट दिसली म्हणून धास्तावून जाण्याचे कारण नाही. त्याच वेगाने दहा वर्षांचा हिशेब मांडणे चूक ठरते. जिओटॅब या वाहनांची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून काढलेली सरासरी घट २०२० मध्ये वर्षाला २.३ टक्के आणि २०२४ मध्ये १.८ टक्के अशी होती. सरासरी म्हणजे आपली गाडी नव्हे, पण भीतीला माप लावायला हे आकडे उपयोगी पडतात.

आता उष्णतेचे. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. वर्षभर सरासरी २५ अंशांवर राहणारी बॅटरी आणि ३५ अंशांवर राहणारी बॅटरी यांच्यात, गाडी एक किलोमीटरही चालली नाही तरी, नुसत्या वयाने होणाऱ्या झिजेत एवढा फरक पडू शकतो. बॅटरी जितकी भरलेली तितका ग्राफाइटकडचा विद्युतदाब पापुद्र्याच्या वाढीला अनुकूल, हा त्यावरचा दुसरा भार. आणि नोकरदाराची गाडी दिवसातले बावीस तास उभीच असते, हे लक्षात घेतले तर कोणत्या तासांची काळजी घ्यायची ते उघड होते.

याचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराचा आहे. निसान लीफ ही गाडी डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. तिच्या २४ युनिटच्या (म्हणजे किलोवॅट-तासांच्या) बॅटरीला पाण्याने थंड ठेवण्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्समधल्या मालकांच्या डॅशबोर्डवरील क्षमतेच्या बारा पट्ट्यांमधील पट्ट्या एकेक करून विझू लागल्या, आणि कंपनीला क्षमतेच्या घटीसाठी वेगळी वॉरंटी द्यावी लागली. त्याच शहरात आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने चार लीफ गाड्या चालवून पाहिल्या. दोन साध्या चार्जिंगवर, दोन केवळ फास्ट चार्जिंगवर. ८०,००० किलोमीटरच्या आसपास दोन्ही जोड्यांची जवळजवळ चतुर्थांश क्षमता गेली होती आणि त्यांच्यातले अंतर होते अवघ्या काही टक्क्यांचे. फास्ट चार्जिंगला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर ध्यानात ठेवावा : खरी किंमत वसूल केली ती उन्हाने.

आपले ऊन फिनिक्सचे नव्हे, पण सगळीकडे सारखेही नव्हे

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३६-३७ वर जातो, पण पहाटे तो विशीच्या जवळ उतरतो. बॅटरीच्या दृष्टीने ही उतरण फार मोलाची आहे. दोन-अडीचशे किलोचा तो लोखंड-ॲल्युमिनियमचा खोका हळूहळू तापतो आणि तितकाच हळू निवतो. रात्र थंड असेल तर सकाळपर्यंत तो पूर्ण निवतो, आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात शून्यापासून होते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर जून ते सप्टेंबर उष्णतेची चिंता करण्याचे कारणच उरत नाही.

गोकाक, रायबाग, अथणीकडे मात्र चित्र निराळे. तिथे उन्हाळ्यात चाळिशी गाठली जाते, काळ्या रानातून येणारी झळ अंगाला लागते, आणि गाड्या बऱ्याचदा साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या उघड्या आवारात दिवसभर उभ्या असतात. बिदर-भालकीच्या मराठी भाषकांनाही हेच लागू. कारवारकडच्या लोकांना आपल्याकडे ऊन कमी असे वाटते, आणि दुपारचा आकडा पाहिला तर ते बरोबरही आहे. पण किनाऱ्यावर उन्हाळ्यातली रात्र पंचविशीच्या खाली सहसा उतरत नाही, त्यामुळे बॅटरीला निवायला अवधीच मिळत नाही. दुपारच्या उच्चांकापेक्षा चोवीस तासांची सरासरी महत्त्वाची, ती अशी.

गाडी लावण्याची जागा

बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. वरचे छप्पर सावलीत आहे म्हणून समाधान मानण्यापूर्वी खालची जमीन पाहावी. दुपारभर तापलेल्या डांबरावर संध्याकाळी गाडी आणून लावली तर वरून ऊन नसले तरी खालून शेक चालूच राहतो. मातीचे अंगण, शहाबादी फरशी किंवा दिवसभर सावलीत राहिलेले काँक्रीट हे डांबरापेक्षा केव्हाही चांगले. आमच्या अनगोळच्या घरासमोर उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी मारण्याची पद्धत आहे, आणि गाडी येण्याआधी तेवढ्या जागेवर दोन बादल्या जास्त मारल्या तर जमिनीचा ताव उतरतो, असा अनुभव आहे. याचा बॅटरीला किती फायदा होतो हे मोजण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. अंगण मात्र गार राहते.

पत्र्याच्या शेडबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. तिन्ही बाजूंनी बंद, वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा आणि पुढे शटर अशी गॅरेजे आपल्याकडे सर्रास आहेत. दुपारी त्यांच्यात शिरून पाहावे : बाहेरच्यापेक्षा आत जास्त उकडते. चारचाकी सुरक्षित राहावी म्हणून आपण तिला भट्टीत कोंडतो. शटरच्या वर आणि मागच्या भिंतीत जाळीची झरोकी ठेवली, पत्र्याला बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग दिला किंवा पत्र्याखाली एक हात अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधले, तरी मोठा फरक पडतो. ते जमत नसेल तर मार्च ते मे या तीन महिन्यांत दारच्या आंब्याखाली किंवा चिंचेखाली गाडी लावावी. कावळ्यांचा उपद्रव होईल, तो धुऊन काढता येतो.

कचेरीत सावलीची जागा मिळतेच असे नाही. तेव्हा सुरुवातीला सांगितलेल्या तिन्हींपैकी निदान दुसरी अट मोडावी : उन्हात उभी राहणार असेल तर गाडी भरलेली नसावी. सकाळी घरून ९५ टक्क्यांवर निघून, पाच किलोमीटरवरच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नऊ ते सहा उन्हात उभी राहणारी गाडी आणि ६० टक्क्यांवर तशीच उभी राहणारी गाडी, या दोघींच्या झिजेत दहा वर्षांनी फरक दिसतो. पाच किलोमीटरच्या नोकरीसाठी ९५ टक्के लागतातच कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

रोजचे चार्जिंग

येथे प्रथम आपल्या बॅटरीचा प्रकार माहीत असणे आवश्यक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये दोन प्रकार मुख्य आहेत. एक लिथियम आयर्न फॉस्फेटचा, ज्याला एलएफपी म्हणतात. पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांच्या १९९७ च्या शोधनिबंधातून पुढे आलेला हा पदार्थ. यांपैकी गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. दुसरा प्रकार निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचा, म्हणजे एनएमसी. वजनाच्या मानाने एनएमसी जास्त वीज साठवते, एलएफपी उष्णता अधिक सोसते आणि जास्त वेळा चार्ज होऊ शकते. मालकाच्या पुस्तिकेत हा प्रकार दिलेला असतो. नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावा, आणि ‘सगळ्या लिथियमच सर’ या उत्तरावर उठून येऊ नये.

एनएमसी असेल तर रोजची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी आणि १०० टक्के फक्त प्रवासाच्या दिवशी, तेही निघण्याच्या तासभर आधी पूर्ण होतील असे करावेत. एलएफपीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या सेलचा विद्युतदाब २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान फारसा बदलत नाही, त्यामुळे आत किती वीज उरली याचा अंदाज गाडीच्या संगणकाला चुकत जातो. म्हणून उत्पादक आठवड्यातून किंवा महिन्यातून ठरावीक वेळा ती सावकाश १०० टक्क्यांपर्यंत भरायला सांगतात. त्यामुळे हिशेबही जुळतो आणि सेल एकमेकांशी समपातळीला येतात. पुस्तिकेत सांगितले असेल तितक्या वेळा ते अवश्य करावे. मात्र ‘एलएफपीला काही होत नाही’ असे समजून ती रोज रात्री भरून दिवसभर उन्हात उभी करणे हा त्या सूचनेचा अर्थ नाही. पूर्ण भरायची असेल तर ती आदल्या रात्री भरावी आणि सकाळी लगेच चालवावी.

वेळेचा हिशेब सोपा आहे. समजा बॅटरी ३० युनिटची आहे आणि ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. बॅटरीत १५ युनिट जायला हवेत, वाटेतील गळती धरून मीटरवर सुमारे १७ पडतील. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर याला पाच ते सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला घरी आल्या आल्या प्लग लावला तर उन्हातून आलेली, चालून तापलेली बॅटरी त्याच क्षणी चार्ज होऊ लागते आणि मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत भरून बसते. त्याऐवजी गाडीतल्या किंवा चार्जरच्या टायमरवर रात्री एकची वेळ लावली तर चार्जिंग सर्वांत थंड प्रहरात होते, सहा-सातला संपते आणि गाडी लगेच कामाला लागते. एकाच बदलात तीनपैकी दोन अटी मोडल्या. गाडीत टायमर नसेल तर बाजारातला हलका टायमर मध्ये बसवू नये. इतका प्रवाह सलग सहा तास सोसणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यापेक्षा जेवणे आटोपून झोपताना प्लग लावणे बरे.

सॉकेटविषयी एक आपबीती. घर घेतले तेव्हा बसवलेल्या गीझरच्या सॉकेटवर मी पहिले चार महिने चार्जिंग केले. एका सकाळी प्लग काढताना तो हाताला चटका देणारा लागला. पाहतो तर सॉकेटचे एक छिद्र तपकिरी पडून थोडे पसरले होते. वायरमनने ते उघडले तेव्हा स्क्रू सैल झालेला आणि तारेचे आवरण कडक होऊन तडकलेले होते. नवे औद्योगिक सॉकेट, स्वतंत्र तार, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारे) आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की ती तोडणारे) बसवून होईपर्यंत आठवडा गेला, आणि तो आठवडा मला भर दुपारी रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर काढावा लागला. घरचे चार्जिंग बिघडले की माणूस नेमका बॅटरीला न मानवणाऱ्या चार्जिंगकडे वळतो. म्हणून घरची तार हीसुद्धा बॅटरीच्या देखभालीतच मोजावी.

अर्थिंगचेही तसेच. हिवाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवून थांबतो, आणि लोक चार्जर बिघडला म्हणून धावपळ करतात. बहुतेक वेळा खड्ड्यातली माती वाळून अर्थिंग कमकुवत झालेले असते. खड्ड्यातला मीठ-कोळसा जुना झाला असेल तर तो बदलून घ्यावा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. गावाकडे संध्याकाळी दाब खाली येत असेल तर रात्री उशिराचे चार्जिंग त्याही दृष्टीने सोयीचे पडते. दाब सततच कमी राहत असेल तर हेस्कॉमकडे, म्हणजे हुबळीच्या वीजपुरवठा कंपनीकडे, लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

बॅटरी रिकामी ठेवणेही बरे नव्हे. रोजच्या व्यवहारात १५-२० टक्क्यांखाली जाऊ नये, आणि चार-पाच टक्क्यांवर आणून दोन दिवस तशीच उभी तर मुळीच करू नये. मे महिन्यात मुलाकडे पुण्याला किंवा परदेशी महिना-दोन महिने जाणार असाल, तर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून, प्लग काढून, गाडी हवेशीर सावलीत ठेवावी. परतल्यावर गाडी सुरू झाली नाही तर मोठी बॅटरी गेली असे समजून हबकू नये. बहुधा बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. तिचे आयुष्य उष्ण भागात तीन-चार वर्षांचेच असते आणि तिचा या सगळ्या चर्चेशी संबंध नाही.

महामार्ग आणि चोर्ल्याचा घाट

पुणे-बंगळूर महामार्गावर फास्ट चार्जिंग करायला भिऊ नये. वर्षातून वीस-पंचवीस वेळा केलेल्या फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होत नाही. त्यासाठी कोल्हापूरला जायचा बेत रद्द करणे म्हणजे चपला झिजतील म्हणून घरी बसणे होय. पथ्ये एवढीच पाळावीत. शक्यतो छप्पर असलेला चार्जर निवडावा. मे महिन्यात भर दुपारी तवंदीचा घाट चढून आल्या आल्या तापलेली बॅटरी फास्ट चार्जरच्या तोंडी देण्याऐवजी वीस मिनिटे सावलीत थांबावे किंवा सपाट रस्त्यावर सावकाश थोडे पुढे जाऊन मग चार्ज करावे. ८० टक्क्यांवर थांबावे, कारण त्यापुढे वेग इतका घटतो की वेळ आणि उष्णता दोन्ही वाया जातात. उन्हात चार्जरने ५० किलोवॅटऐवजी २५ च दाखवले तर चार्जरवाल्याशी वाद घालू नये. बहुतेकदा गाडीच बॅटरी वाचवण्यासाठी प्रवाह कमी मागत असते.

प्रवासात एसी बंद ठेवून बॅटरी वाचवण्याची युक्तीही सोडून द्यावी. पाण्याने थंड होणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीचे पाणी गार करायला एसीचाच कॉम्प्रेसर वापरतात. उकाडा सहन करून वाचतात ते थोडे किलोमीटर.

गोव्याला चोर्ल्याने उतरताना एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. माणसांसह १६०० किलोची गाडी सुमारे ६५० मीटर खाली येते तेव्हा जवळपास पावणेतीन युनिट ऊर्जा मोकळी होते. तोटा वजा जाता त्यातली निम्मी जरी मोटारीने परत बॅटरीत घातली तरी ३० युनिटच्या बॅटरीत चार-पाच टक्क्यांची भर पडते. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती ही वीज घेऊ शकत नाही. गाडी वळणांवर नेहमीसारखी आपोआप धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बेळगावहून निघताना १०० टक्के केले तरी कणकुंबीपर्यंत ती नव्वदीच्या खाली येते, म्हणून आपल्याला अडचण सहसा जाणवत नाही. कणकुंबी-जांबोटी भागातच ज्यांचे घर आहे त्यांनी मात्र घाट उतरायच्या दिवशी ८५ टक्क्यांच्या वर भरू नये.

ऊस हंगामातले एक काम बरेच जण विसरतात. चिकोडी-रायबागच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमागून महिनाभर गाडी चालवली की पुढच्या जाळीत पाचटाचे तुकडे आणि धूळ अडकते. बॅटरी थंड करणारा रेडिएटर त्याच्याच मागे असतो. हंगाम संपला की मार्चपूर्वी तो हलक्या पाण्याने साफ करून घ्यावा; जोरदार फवाऱ्याने त्याची पाती वाकतात. कूलंटची पातळी कमी दिसली तर नळाचे पाणी कदापि घालू नये, कंपनीने सांगितलेलेच द्रव्य घालावे.

मोजमाप आणि नोंद

डॅशबोर्डवरील रेंजच्या आकड्यावरून बॅटरीची प्रकृती ठरवू नये. तो आकडा मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. चार दिवस घाटात चालवले की तो घसरतो आणि लोकांची झोप उडते.

त्यापेक्षा चार्जिंगच्या सॉकेटला सबमीटर लावून घ्यावा. वर्षातून एकदा, नोव्हेंबर-डिसेंबरसारख्या समशीतोष्ण दिवसांत, बॅटरी २० टक्क्यांवर आणावी आणि रात्रभरात एकसलग १०० टक्क्यांपर्यंत भरावी. एलएफपी असेल तर त्याआधी एकदा पूर्ण भरून हिशेब जुळवून घ्यावा. समजा सबमीटरवर २५.२ युनिट पडले. बारा टक्के गळती वजा केली तर बॅटरीत सुमारे २२.२ युनिट गेले. हे बॅटरीचे ८० टक्के, म्हणजे पूर्ण क्षमता साधारण २७.७ युनिट. नवी असताना वापरण्याजोगी क्षमता ३० युनिट असेल, तर प्रकृती ९२ टक्क्यांच्या आसपास आहे. गळतीचा आकडा अंदाजाचा असल्यामुळे एकट्या मोजणीवर भिस्त ठेवू नये. पण दर वर्षी तेच सॉकेट, तोच महिना आणि तेच टक्के ठेवले तर घटीची दिशा अचूक कळते. म्हणूनच पहिली मोजणी गाडी नवी असतानाच करावी. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या जोडणीचा, ब्ल्यूटूथ डोंगल लावून सेलचे वेगवेगळे दाब पाहण्याची आवड ज्यांना असेल त्यांनी ते जरूर पाहावेत. त्यात एखादाच सेल इतरांपेक्षा सतत मागे पडत असेल तर ती झीज नसून बिघाड असतो, आणि तो वॉरंटीत दाखवण्याजोगा असतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हाच प्रयोग सौदा होण्यापूर्वी करायला मागावा. विकणारा नाही म्हणाला तर निदान अधिकृत सर्व्हिस सेंटरचा बॅटरी अहवाल मागावा. पासिंग केए-२२ चे (बेळगाव) आहे की केए-२३ चे (चिकोडी) यावरून गाडी कुठल्या उन्हात वाढली ते कळत नाही. म्हणून ती दिवसा कुठे उभी असायची, हे थेट विचारावे. किलोमीटरचा कमी आकडा पाहून भुलू नये. चार वर्षांत बारा हजार किलोमीटर झालेली, पण अथणीच्या उन्हात १०० टक्क्यांवर उभी राहिलेली गाडी ही रोज चालून साठ हजार किलोमीटर झालेल्या, बेळगावच्या टिळकवाडीतल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि मिळत असेल तर कोणती कागदपत्रे लागतात, हे सौद्याआधी लेखी घ्यावे. काही योजनांमध्ये तिचा मोठा भाग पहिल्या मालकापुरताच असतो.

वॉरंटी संपायला सहा-आठ महिने असताना एक मोजणी अवश्य करावी आणि ती ७५ टक्क्यांच्या खाली आली तर थांबू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी तक्रार न करता जॉब कार्डवर ‘बॅटरीची क्षमता तपासणे’ असे लिहवून घ्यावे, आपल्या दरवर्षीच्या नोंदींची प्रत सोबत जोडावी, अहवाल छापील स्वरूपात मागावा आणि जॉब कार्डवरील तारीख वॉरंटीच्या मुदतीतली आहे याची गाडी सोडतानाच खात्री करून घ्यावी.